आमची वाटचाल : दोन मॉनिटर आणि एक निळं मुखपृष्ठ

पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ आम्ही डीटीपी, म्हणजे छपाईसाठी संगणकावर पानं लावायचं काम, सुरू केलं तेव्हा 17 इंची एकच जुना, डबड्यासारखा सीआरटी मॉनिटर होता. पानं लावायचं पेजमेकर, चित्रं-मुखपृष्ठांचं कोरल, मराठी टायपिंगचं श्रीलिपी, सगळं त्याच्यावर. पान मोठं करून ऱ्हस्व-दीर्घ लावायचं, लहान करून मांडणी बघायची. दिवसभर तेच.

2010 मध्ये दुसरा मॉनिटर घेतला तो काकांसाठी. त्यांचा दिवाळी अंक पहिल्यापासून आमच्याकडे. खुर्चीमागे उभं राहून प्रूफ बघताना त्यांची मान आखडायची. मग मी कोरल दोन्ही स्क्रीनवर ताणलं, त्याच फाइलची न्यू विंडो, म्हणजे दुसरी खिडकी, काढली आणि टाइल व्हर्टिकली करून दोन्ही शेजारी शेजारी लावल्या. डावीकडे माझं 400 टक्के, उजवीकडे काकांचं अख्खं पान. इकडे वेलांटी सरकवली की तिकडेही हलायची. काका म्हणाले, "अगं, इतकी वर्षं शेपूट दाखवत होतीस, आज हत्ती दिसला!"

त्याच वर्षी आम्ही बुडता बुडता वाचलो. काकांच्या अंकाच्या मुखपृष्ठावर रात्रीचं आकाश होतं. छपाईच्या शाया: सायन (आकाशी निळा) 100 टक्के, मॅजेंटा (गडद गुलाबी) 100 टक्के. नव्या मॉनिटरवर सुंदर गडद निळं, माझ्या जुन्यावर जांभळट. मला वाटलं, नवाच खरा. काकांनी होकार दिला, छपाईच्या प्लेटा निघाल्या आणि मशीनवरून आकाश आलं ते वांग्याच्या रंगाचं. 2000 मुखपृष्ठं, दिवाळी नऊ दिवसांवर. कागद, प्लेट, छपाई पुन्हा, सगळं आमच्या खिशातून. आमच्याकडे काम करणाऱ्या मुलींचे पगार तीन महिने रखडले.

आमच्याकडेच शिकून बाहेर पडलेल्या एकाने दोन गल्ल्या सोडून दुकान थाटलं होतं. "त्यांना रंग कळत नाही," हे त्याने प्रत्येक प्रेसमध्ये सांगितलं. पानामागे दहा रुपये कमी लावले. आमच्याकडच्या पाचपैकी चार दिवाळी अंक त्याच्याकडे गेले. दोन स्क्रीनवर खिडक्या लावायची माझी पद्धत तो ग्राहकांना स्वतःची म्हणून दाखवायचा. हे मी अजून विसरलेले नाही. काका मात्र पुढच्या जूनमध्ये मजकुराची पिशवी घेऊन हजर.

पुढे काम सुरळीत चाललं. नव्या मुलांना सांगते, रंग एकाच मॉनिटरवर ठरवा, तोही कॅलिब्रेट केलेल्या, म्हणजे रंग नीट जुळवून घेतलेल्या. दुसऱ्यावर डॉकर (कोरलमधल्या हत्यारांच्या छोट्या खिडक्या), रंगांचं पॅलेट, मजकुराची फाइल ठेवा. निळ्यात मॅजेंटा सायनपेक्षा किमान 30 ने कमी हवा. आणि वर्कस्पेस, म्हणजे कोरलमधली तुमची खिडक्यांची मांडणी, एक्स्पोर्ट करून ठेवा. दुसरा मॉनिटर बंद पडला की डॉकर स्क्रीनबाहेर अडकतात. एफ8 दाबून कोरल उघडलं तर ते परत येतात, पण तुमची सगळी मांडणी पुसली जाते.

यंदाही काका उजव्या मॉनिटरसमोर बसले होते. बोट काचेवर टेकवून चुका दाखवायची सवय गेलेली नाही, डाग मीच पुसते. मुखपृष्ठ पुन्हा निळं आहे. सायन 100, मॅजेंटा 65.