सॉल्झबरी कॅथेड्रल: आधी खांबांकडे बघा

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून थेट गाडीने सॉल्झबरी साधारण दीड तास. तिथून कॅथेड्रल चालत पंधरा मिनिटांवर. बहुतेक पर्यटक जवळचं स्टोनहेंज, म्हणजे प्राचीन दगडांचं वर्तुळ, उरकून शेवटच्या अर्ध्या तासात इथे घुसतात, ते मला अजिबात पटत नाही. किमान तीन तास ठेवाच, आणि थंडीत सकाळीच जा. डिसेंबरात चारलाच अंधारून येतं.

आत शिरल्यावर आधी मध्यभागी जा, जिथे लांब दालनाला आडवं दालन छेदतं. तिथल्या चार मोठ्या खांबांपैकी एकाच्या बुंध्याशी उभं राहा आणि त्याच्या कडेवरून नजर सरळ वर न्या. गडद पर्बेक दगडाचा तो खांब वाकलेला साध्या डोळ्यांनी दिसतो. मूळ इमारत १२२० ते १२५८ मधली, बुटक्या मनोऱ्याच्या हिशेबाने बांधलेली. चौदाव्या शतकात तिच्यावर उंच मनोरा आणि शिखर चढवलं, म्हणजे सुमारे साडेसहा हजार टनांचा जादा भार. पाया मात्र जेमतेम सव्वा मीटर, तोही ओल्या खडीवर! १२३ मीटर उंचीचं हे शिखर ब्रिटनमधलं सर्वांत उंच आहे आणि ओळंब्यापासून सुमारे ७५ सेंटिमीटर ढळलेलं आहे. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलचा वास्तुविशारद क्रिस्टोफर रेन याने १६६८ साली त्याची पाहणी केली होती. पूर्वेकडच्या छोट्या आडव्या दालनांतल्या कात्रीसारख्या कमानी शोभेच्या वाटतात, पण ते टेकू आहेत.

हे नीट समजायचं तर मनोऱ्यावर चढायलाच हवं. ३३२ पायऱ्या, त्यातल्या बऱ्याच अरुंद आणि गोल फिरणाऱ्या. गुडघे दुखत असतील किंवा उंचीची भीती असेल तर नको. गटानेच नेतात, तिकीट वेगळं, जागा थोड्या, म्हणून आधीच आरक्षण करा. शिखराच्या पोकळीत जुन्या लाकडांचा सांगाडा अजून उभा आहे. त्याच्याखाली उभं राहून वर बघण्यासाठी एवढी दमछाक सार्थकी लागते.

खाली उत्तरेच्या बाजूला १३८६ च्या सुमाराचं लोखंडी घड्याळ आहे. त्याला तबकडीच नाही, ते फक्त तासांचे ठोके देण्यासाठी केलेलं. अष्टकोनी चॅप्टर हाउसमध्ये, म्हणजे धर्मगुरूंच्या सभागृहात, १२१५ च्या मॅग्ना कार्टाच्या, म्हणजे इंग्लंडच्या राजाच्या सत्तेवर मर्यादा घालणाऱ्या सनदेच्या, उरलेल्या चार प्रतींपैकी एक आहे. तिथे फोटो काढू देत नाहीत.

संध्याकाळची गायन-प्रार्थना मोफत असते. मुलींचं स्वतंत्र गायनपथक इंग्लिश कॅथेड्रलांत प्रथम इथेच, १९९१ साली सुरू झालं. त्या दिवशीची वेळ बघून थोडं आधी पोचा, जागा चांगली मिळते.