वाढदिवसाच्या तारखेने लढाईवर नेलेला मुलगा

पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या घराशेजारी पंचाहत्तरीचे एक आजोबा राहतात. व्हिएतनामच्या युद्धावर जाऊन आलेले. मी साताऱ्याची. आमच्याकडच्या आपशिंगे मिलिटरी गावातल्या 46 जणांनी पहिल्या महायुद्धात प्राण दिले, आणि तिथे आजही सैन्यात जाणं हा घराण्याचा मान आहे. स्वतंत्र भारतात सक्तीची भरती झालीच नाही, त्यामुळे सैनिक म्हणजे हौसेने भरती झालेला माणूस, एवढंच मी लहानपणापासून पाहिलेलं.

आजोबांना मात्र चिठ्ठीने नेलं. 1 डिसेंबर 1969 ला वॉशिंग्टनमध्ये काचेच्या बरणीत 366 निळ्या कुप्या टाकल्या होत्या, प्रत्येकीत वर्षातली एक तारीख. पहिली निघाली 14 सप्टेंबर. 1944 ते 1950 या वर्षांत त्या तारखेला जन्मलेल्या मुलांचा नंबर पहिला. हे सगळं टीव्हीवर दाखवत होते. त्या सोडतीतल्या 195 नंबरपर्यंतच्या मुलांना पुढे बोलावणं आलं. कुप्या नीट ढवळल्याच नव्हत्या, म्हणून वर्षअखेरीस जन्मलेल्यांचे नंबर जास्त करून आधीचे लागले. कॉलेजात जाणाऱ्यांना सवलत मिळायची. आजोबा गॅरेजमध्ये कामाला होते. वय 19, आणि तेव्हा मतदानाचं वय 21. ज्या सरकारने लढायला धाडलं, त्याला मत देण्याचाही हक्क नव्हता. मला याचा मनापासून राग येतो.

एकदा मी त्यांना आपल्या पावसाळ्याबद्दल उत्साहाने सांगत होते: पहिली सर, मातीचा वास, भजी. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "आमचा पावसाळा पायात असायचा." ह्युए शहराजवळच्या डोंगरांत आठवडेच्या आठवडे बूट वाळत नसत. तळपायाची कातडी पांढरी पडून सोलायची, जळवा लागायच्या. आजही ते बाहेर पडताना कोटाच्या खिशात कोरड्या मोज्यांची जोडी ठेवतात, कडक उन्हाळ्यातसुद्धा.

पण खरं हाल झाले ते परतल्यावर. दुसऱ्या महायुद्धातले सैनिक बोटीने, आपल्या सोबत्यांबरोबर परतले होते. वाटेत बोलायला, रडायला दिवस मिळाले. व्हिएतनामला प्रत्येक जण एकटा जायचा आणि वर्ष भरलं की एकटाच परत यायचा. आजोबा विमानाने कॅलिफोर्नियात ओकलंडला उतरले. नवा गणवेश, जेवणाला स्टेक, कागदांवर सह्या, आणि तिथूनच घरी. जंगल सुटल्यापासून आईच्या स्वयंपाकघरात पोचेपर्यंत जेमतेम दोन-तीन दिवस गेले. देश युद्धावरून भांडत होता, आणि ते भांडण या पोरांच्या माथी आलं. युद्ध ठरवणारे निराळे होते, पण लोकांसमोर गणवेशात उभी होती ती ही पोरं. गॅरेजमधल्या कुणी काही विचारलं नाही, आजोबाही बोलले नाहीत. रात्री झोप नाही, चिडचिड, दारू. पहिला संसार मोडला.

या त्रासाला वैद्यकीय आजार म्हणून पीटीएसडी हे नाव मिळालं 1980 मध्ये. त्याच सुमारास सरकारने गावोगावी, साध्या दुकानाच्या गाळ्यांतही, माजी सैनिकांना मानसिक आधार देणारी 'व्हेट सेंटर' उघडली, कारण मोठ्या सरकारी इस्पितळांवर या मुलांचा विश्वास उरला नव्हता. आजोबा तिथे पोचले ते बऱ्याच वर्षांनी, दुसऱ्या बायकोच्या हट्टाने. तिचे उपकार ते उघडपणे बोलून दाखवतात.

वॉशिंग्टनमधलं व्हिएतनाम युद्धाचं स्मारक 1982 चं. त्यावर 58,000 हून अधिक नावं आहेत, आणि त्याचा काळा ग्रॅनाइट आपल्या बंगळूरहून गेलेला. नावं अकारविल्हे नाहीत, मृत्यूच्या तारखेनुसार आहेत. त्यामुळे एका दिवशी गेलेले सोबती दगडावरही जवळजवळ आहेत. मला ही रचना फार योग्य वाटते.

सक्तीची भरती 1973 पासून बंद आहे. पण 18 ते 25 वयाच्या मुलग्यांची सिलेक्टिव्ह सर्व्हिसकडे, म्हणजे पुन्हा सक्तीची भरती लागलीच तर त्यासाठी नावं ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडे, नोंद व्हावीच लागते, नागरिक असोत वा ग्रीन कार्डवाले. इथल्या कितीतरी मराठी घरांत हा कागद येतो आणि फायलीत जातो. आमच्या मुलाची नोंद झाल्याचं कळल्यावर आजोबांनी त्याला अंगणात बोलावून घेतलं आणि तासभर बसवून सगळं सांगितलं. आपलं बोलावण्याचं पत्र त्यांनी आठवडाभर आईपासून लपवलं होतं. "तसं काही आलं," ते त्याला म्हणाले, "तर त्याच दिवशी घरी सांग. आणि मलाही."