डबल बेल

‘ताई, चित्र झकास. पण कंडक्टरनं एकदाच घंटी मारलीया आन् गाडी सुटलीया. एक म्हंजे थांबा, दोन म्हंजे चला. आमची नोकरी घालवताय काय?’

वाचकाकडून आलेला हा माझा पहिला निरोप. पाठवणारे पाटण आगारातले वाहक. त्यांना मी पाटणचे दादा म्हणते. त्या दिवशी थोडा राग आला होता, खोटं कशाला बोलू. एवढी मेहनत करून घाटातलं वळण काढलं, आणि या माणसाला दिसली काय, तर घंटी!

मी कराडची. शाळेत चित्रकला शिकवते, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारी पोरं तयार करते. २०१८पासून ‘पुढं सरका’ नावाची चित्रमालिका काढतेय. आठवड्याला एक, चार चौकटी. नायिका सुमन, कराड-चिपळूण गाडीवरची वाहक. मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून खाली कोकणात. माझं माहेर त्याच रस्त्यावर, त्यामुळे वाटलं होतं की या गाडीतलं सगळं मला पाठ आहे.

सुरुवात एका स्थानिक साप्ताहिकात झाली. मानधन ‘पुढच्या अंकाबरोबर’ यायचं, म्हणजे बहुतेकदा यायचं नाही. २०२०च्या लॉकडाउनमध्ये साप्ताहिक बंद पडलं आणि थकलेले पैसे त्याच्यासोबत गेले. मी शाई-निब डब्यात भरून माळ्यावर टाकली. पण चार-सहा जणांनी विचारलं, सुमन कुठंय? म्हणून त्यांना शुक्रवारी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर चित्र पाठवायला लागले. त्यांनी ते पुढे ढकललं. ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ माणसं मावतात. वर्षभरात दुसरी यादी करावी लागली. ज्याच्या फोनमध्ये आपला नंबर साठवलेला असतो त्यालाच ब्रॉडकास्ट पोचतो, म्हणून मी सगळ्यांना ‘नंबर सेव्ह करा’ सांगायचे. एकीनं ‘कंडक्टर बाई कराड’ म्हणून साठवला. तिच्या सासऱ्यांनी एकदा सकाळी साडेसहाला फोन करून चिपळूणची पहिली गाडी लागली का, असं विचारलं. मी स्टँडवर फोन करून त्यांना सांगितलं.

हे वाचक म्हणजे कोण? वाहक-चालक बरेच, एक निवृत्त मेकॅनिक, कोयनानगरला रोज जाऊन-येऊन करणारी नर्स, डोंबिवलीत राहणारी पाटणकडची कुटुंबं, कॉलेजची पोरं. ‘खूप छान’ म्हणणारे त्यात थोडे. बाकीचे तपासनीस. पंच कुठल्या हातात असतो, मशीन आलं तेव्हा ट्रे गेला का, सुट्टे नसले की तिकिटामागे काय लिहून देतात, सगळं मला त्यांनीच शिकवलं.

मग २०२१चा ऑक्टोबर संपता संपता एसटीचा संप सुरू झाला. महामंडळ सरकारमध्ये विलीन करा ही मागणी. पहिल्या शुक्रवारी मी गमतीचं चित्र काढलं. सुमन वडापमध्ये, म्हणजे खासगी जीपमध्ये, दाटीवाटीनं बसलीय आणि वडापवाला तिलाच म्हणतोय, ‘मावशी, पुढं सरका.’ मला विनोद बरा वाटला होता. एरवी रात्री आठपर्यंत तीस-चाळीस उत्तरं यायची, त्या दिवशी चार आली. पाटणचे दादा दुसऱ्या दिवशी म्हणाले, ‘ताई, हसू आलं न्हाई ओ. घरात पगार न्हाई.’

त्यानंतर तीन आठवडे काही पाठवलं नाही. काढायचे आणि फाडायचे. सुमनला मोर्चात उभी केली तर घोषणापत्रक व्हायचं, घरी बसवली तर रडगाणं. एरवी तिच्या तोंडी शब्द घालणं मला सोपं जायचं, आता फुगा काढला की तो रिकामाच राहायचा. खरं म्हणजे ही मालिका मी करायचीच कशाला, असंही वाटत होतं. मला दर महिन्याला शाळेचा पगार होता.

दादांनीच एक फोटो पाठवला. आगारात ओळीनं उभ्या गाड्या, टायरांशी गवत आलेलं, एका गाडीखाली कुत्री व्यालेली. खाली दोनच शब्द: ‘हे काढा.’

तसंच काढलं, एकाच लांब चौकटीत, बिनशब्दांचं. पुढच्या शुक्रवारी तेच आगार, तीच ओळ, फक्त गवत बोटभर वाढलेलं आणि पिल्लांचे डोळे उघडलेले. आणि मग लोकच बदल कळवायला लागले. अमुक गाडीच्या काचेवर पोरांनी बोटानं नावं लिहिलीत. चौकशीच्या खिडकीवर कोळ्यानं जाळं विणलंय. एक पिल्लू कुणीतरी नेलं. मी ते काढत गेले. दिवसभर शाळा, रात्री गवत. एप्रिल २०२२मध्ये गाड्या पूर्ववत होईपर्यंत त्या मालिकेत कुणी एक अक्षर बोललं नाही. गाडी सुटली त्या आठवड्याचं चित्र काढताना मी नेहमीचं जाड निब घेतलं आणि काळ्या शाईत दोन शब्द लिहिले: टण टण. यावेळी दोन.

त्याच्या पुढच्या वर्षी, फेब्रुवारीत, उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ येऊ लागली. शाईची बाटली उघडता येईना. डॉक्टरांनी अंगठा मुठीत धरायला लावला आणि मनगट करंगळीकडे वाकवलं. मी किंचाळलेच. त्या दुखण्याचं नाव डी क्वेर्व्हेन. अंगठा हलवणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या मनगटाशी एका अरुंद खोबणीतून जातात, तिथं सूज येते. सहा आठवडे पट्टा बांधायचा, निबाला हात लावायचा नाही.

‘डाव्या हातानं फळ्यावर लिहिता की,’ असं घरातून सुचवण्यात आलं. लिहिते, पण मुलांना ते वाचता येत नाही. तरी शुक्रवार चुकवायचा नाही म्हणून डाव्या हातानं गाडी काढली. रेषा अशी थरथरली की टपाची कड समुद्राच्या लाटेसारखी. लाजत लाजत पाठवली. मिनिटभरात नर्सबाईंचं उत्तर: ‘गाडी घाटाला लागली वाटतं.’ मग सहा आठवडे गाडी घाटातच ठेवली! त्यात १७ मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं आणि मी सुमनला एका बाईकडून पूर्ण पैसे घेताना दाखवलं. चोवीस जणांनी झापलं. एक बाई म्हणाल्या, ‘गाडीत आता बायकाच बायका असतात, तुमची गाडी रिकामी कशी?’ म्हणून गच्च भरलेली गाडी काढली. डाव्या हाताच्या वाकड्या रेषेला गर्दी छान जमते, हे तेव्हा कळलं. एकाही चेहऱ्याला नीट नाक नाही, पण धक्काबुक्की खरी वाटते. पट्टा निघाल्यावरही गर्दी मी डाव्यानंच काढते.

पुस्तक काढा, असं लोक म्हणत होतेच. जुन्या चौकड्या एकत्र बांधण्यात मला रस नव्हता. ६४ पानांची एकच गोष्ट करायची ठरवली: सुमनला पहिल्यांदा मुक्कामी गाडीची ड्युटी लागते. रात्री गाडी डोंगरातल्या शेवटच्या गावी जाते, पहाटे तिथून सुटते. पहिली अठरा पानं सरसर झाली. गंमत वाटावी म्हणून ती वाचकांना दाखवली.

एका वाहक बाईंचा निरोप आला. ‘मुक्कामी पाठवलंत खरं. पण ती झोपणार कुठं? आणि सकाळी कुठं जाणार?’

एकोणिसावं पान तीन महिने कोरं राहिलं. मला गाव, चांदणं, कुत्र्यांचं भुंकणं दिसत होतं, आणि संडास कुठं आहे ते माहीत नव्हतं. शाळेचा व्हरांडा काढून पाहिला, देवळाचा मंडप काढून पाहिला. ‘ड्रायव्हर झोपंल तिथं, बाई कशी झोपंल?’ हे मी स्वतःलाच ऐकवायचे. शेवटी त्या बाईंना फोन केला. त्या आधी हसल्या, मग पाऊण तास बोलल्या. त्यांना पोलीस पाटलांच्या घरात जागा मिळाली होती, पाटलांच्या आईशेजारी. म्हातारीनं रात्रभर दिवा घालवू दिला नाही, ‘नव्या जागी अंधार नगं’ म्हणून. पहाटे साडेचारला उठवलं तर न्हाणीत बंब पेटलेला. चालक मात्र गाडीतच, मागच्या लांब सीटवर. ‘गाडी सुटताना म्हातारीनं पदरातनं दहाची नोट काढली,’ त्या म्हणाल्या. ‘म्हटलं आजी, तुम्हाला कुठं जायचंय? तर म्हणे, कुठं न्हाई, बोहनी कर.’

त्यांना विचारून ते सगळं घेतलं. बंबाचा धूर काढायला तीन दिवस लागले. बाकीची पाने दीड महिन्यात झाली.

छपाईचं फारसं सांगत नाही. १६ पानांचे चार फर्मे, ५०० प्रती, त्यातल्या ३१२ आधीच नोंदवलेल्या. फक्त एक: छापखान्यातून आलेल्या पहिल्या प्रूफात फुग्यांतल्या ऱ्हस्व वेलांट्या अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसल्या होत्या आणि ‘तिकीट’ला कुणी ओळखलं नसतं. डीटीपी करणाऱ्या एका वाचक ताईंनी सांगितलं, मजकूर कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये कर्व्ह करून द्या, म्हणजे अक्षराचं चित्र होतं, फाँट कुठलाही असला तरी हलत नाही. एक अख्खा रविवार त्यांनी माझ्याबरोबर बसून कर्व्ह केलं. चहा त्यांनीच केला, माझ्या घरात.

पाटणचा गठ्ठा एसटी पार्सलनं पाठवला. संध्याकाळी दादांचा फोन. आवाजात हसू होतं, त्यामुळे मला वाटलं कौतुक असेल.

‘ताई, पान ४१.’

पान उघडलं. पहाट, धुकं, बंबाचा धूर, पाटलांची आई दारात. सुमन दोरी ओढतेय, गाडी हललीय, आणि वर माझ्याच जाड निबानं लिहिलेलं: टण.

त्या शुक्रवारी कुणालाच चित्र गेलं नाही. मी घरात उरलेल्या प्रती जमिनीवर मांडून, मनगटाला पट्टा बांधून, प्रत्येकीत दुसरं ‘टण’ हातानं लिहीत होते. पाटणच्या प्रती दादांनी स्वतः दुरुस्त करून वाटल्या. त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे.