वजनकाट्याला न दिसणारं, नाळेत दिसणारं

बाळ झालं की पेढे वाटायच्या आधी वजन विचारलं जातं. अडीचच्या आत भरलं की आजी हळहळते, साडेतीन भरलं की सगळे खूश. पण नुसत्या वजनावर भिस्त ठेवू नये, हे पुण्यातल्याच कामाने दाखवून दिलं आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा मागोवा घेतला. बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपल्या बाळांचे दंड बारीक, पोट लहान. पण खांद्याच्या फऱ्याखाली चिमटीत धरलेली कातडी वजनाच्या मानाने जाडच. २००२मध्ये पुणे आणि लंडनच्या बाळांच्या नाळेतल्या रक्ताची तुलना प्रसिद्ध झाली. पुण्याची बाळं हलकी, तरी लेप्टिन लंडनच्या बाळांइतकंच, इन्सुलिन जास्त आणि अ‍ॅडिपोनेक्टिन (इन्सुलिनला साथ देणारं संप्रेरक) कमी. लेप्टिन मुख्यतः चरबीच्या पेशींतून येतं, म्हणजे किरकोळ दिसणाऱ्या बाळाच्या अंगात चरबी राखलेली होती. त्या सहा गावांतली मुलं १८ वर्षांची झाली तेव्हा एकतृतीयांशाहून जास्त मुलग्यांची साखर वाढलेली निघाली, आणि त्या मुलामुलींपैकी जवळपास निम्मी तर सडपातळ होती.

आईचं इन्सुलिन वार ओलांडत नाही, साखर ओलांडते. त्यामुळे नाळेत सापडलेलं इन्सुलिन बाळाचं स्वतःचं असतं. या मोजमापाचं सगळं मोल इथे आहे, आणि नमुना बिघडतो तोही इथेच.

नाळ कापायची घाई करू नये; किमान एक मिनिट थांबावं, ते रक्त बाळाच्या हक्काचं आहे. मग दोन ठिकाणी क्लॅम्प लावून मधला तुकडा घ्यावा आणि गॉझने कोरडा पुसावा, नाहीतर वर लागलेलं आईचं रक्त मिसळतं. नाळेत तीन नळ्या दिसतात. रुंद, मऊ भिंतीची ती शीर. बारीक, कडक, पिळदार त्या दोन धमन्या. सुई शिरेत घालून सावकाश ओढावं. नाळ पिळून रक्त काढलं तर आतली जेली मिसळते आणि तांबड्या पेशी फुटतात. सेंट्रिफ्यूज यंत्रात गरगर फिरवल्यावर प्लाझ्मा, म्हणजे पेशींवेगळा झालेला द्रव, गुलाबी-लाल दिसला की समजावं, पेशी फुटल्या. फुटलेल्या पेशींतलं एन्झाइम इन्सुलिन तोडत राहतं आणि आकडा खोटा कमी येतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, २३ हजारांहून जास्त गरोदर स्त्रियांच्या साखरेवरच्या हापो (HAPO) अभ्यासात म्हणूनच इन्सुलिनऐवजी सी-पेप्टाइड मोजलं. इन्सुलिन तयार होताना सुटणारा हा तुकडा, तो इन्सुलिनइतकाच बाहेर पडतो, पण त्या एन्झाइमला बधत नाही.

साखरेचंही तसंच. करड्या टोपणाच्या ट्यूबमधलं फ्लोराइड पेशींचं साखर खाणं थांबवण्यासाठी असतं, पण ते लगेच काम करत नाही. पहिला तासभर तरी पेशी साखर खातच राहतात, आणि नवजात रक्तात पेशी दाट असल्याने जरा जास्तच. ट्यूब बर्फात ठेवावी, अर्ध्या तासात प्लाझ्मा वेगळा करावा. रात्री अडीचच्या बाळंतपणाचा नमुना सकाळपर्यंत टेबलावर पडून राहिला असेल तर त्यातली साखर मोजूच नये.

लेप्टिन, सी-पेप्टाइड हे आकडे शेकडो बाळांच्या तुलनेत बोलतात. एका बाळाचा रिपोर्ट घेऊन त्याला पुढे मधुमेह होईल का, हे कुणीही सांगू शकत नाही. त्यासाठी पैसे मोजू नका.

एका बाळासाठी आजच उपयोगी पडणारी तपासणी म्हणजे नाळेतलं टीएसएच, थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारं संप्रेरक. थायरॉइड जन्मतःच कमी चालत असेल तर ते वाढलेलं असतं. जन्मानंतर अर्ध्या तासात बाळाचं टीएसएच उसळतं, म्हणून पहिल्या दिवशी टाचेतून घेतलेला नमुना फसवतो. नाळेतला नमुना त्या उसळीच्या आधीचा असतो. आकडा २०च्या (mIU/L) वर आला तर बाळाला परत बोलावून त्याच्या शिरेतल्या रक्तात टीएसएच आणि टी४ (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) बघतात. अवघड बाळंतपणातही तो वाढतो, त्यामुळे पहिल्या आकड्यानेच घाबरू नये, पण फेरतपासणी चुकवूही नये. आजार पक्का झाला तर दोन आठवड्यांच्या आत लेव्होथायरॉक्सिन (टी४ची गोळी) सुरू व्हायलाच हवं, दर किलोमागे रोज १० ते १५ मायक्रोग्रॅम. उशीर झाला तर बुद्धीचं नुकसान भरून येत नाही. गोळी चमच्यात चुरून थोड्या आईच्या दुधात किंवा पाण्यात द्यावी. भरल्या बाटलीत घालू नये, कारण बाळाने दूध अर्धं टाकलं की औषधही अर्धंच जातं. लोह किंवा कॅल्शियमचे थेंब चालू असतील तर मध्ये चार तास जाऊ द्यावेत.