राजीनामा तुम्हीच लिहून द्या म्हणाले

मागच्या आठवड्यात एका जुन्या कलीगचा फोन आला, वय ५१, म्हणाला अगं राजीनाम्यावर सही करून आलो, वीस मिनिटात संपलं सगळं. त्या दिवसापासून मला नीट झोप नाहीये. कारण २०२३ मधे मी पण अशाच एका रूममधे बसले होते. हिंजवडी, टेस्टिंग लीड म्हणजे सॉफ्टवेअर तपासणाऱ्या टीमची प्रमुख, एकाच कंपनीत अकरा वर्षं, वय ४७.

लोक म्हणतात आधी काही कळलंच नाही. कळतं हो, आपण मनाला लावून घेत नाही एवढंच. माझ्या बाबतीत सुरुवात झाली ट्रेनिंगच्या यादीपासून. ऑटोमेशनचं नवीन टूल आलं, टीममधल्या सगळ्या पोरांची नावं यादीत आणि माझं नाही, विचारलं तर मॅनेजर म्हणाला तुम्हाला कशाला मॅडम, तुम्ही सीनियर आहात, आणि मला वेडीला तो मान वाटला! आठ महिन्यांनी अप्रेझलमधे, म्हणजे वर्षभराच्या कामाच्या मूल्यमापनात, त्याच माणसाने लिहिलं, नवीन टूल येत नाही. नवीन शिका म्हणण्यात काही चूक नाही, शिकायलाच पाहिजे, पण शिकायची संधी द्यायची नाही आणि मग येत नाही म्हणून मार्क कापायचे, याला काय म्हणायचं? मग हळूहळू क्लायंट कॉलचं इन्व्हाइट यायचं बंद झालं, "टीममधे यंग एनर्जी पाहिजे" हे मीटिंगमधे माझ्यासमोर बोललं गेलं, आणि एकाने कॅन्टीनमधे विचारलं, रिटायरमेंटचं काय प्लॅनिंग? ४७ व्या वर्षी! एकेक गोष्ट सुटी घेतली तर किरकोळ वाटते, तारखा टाकून एका कागदावर उतरवली की चित्र दिसायला लागतं.

एका गुरुवारी चार वाजता एचआरने बोलावलं. रिस्ट्रक्चरिंग आहे, तुमची पोझिशन राहत नाही, दोन महिन्यांचा पगार देतो, राजीनाम्याचा ड्राफ्ट तयार आहे, आजच मेल करा म्हणजे रिलिव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल, नाहीतर टर्मिनेशन दाखवावं लागेल आणि पुढच्या कंपनीच्या व्हेरिफिकेशनमधे ते येईल. हात थरथरत होते माझे. वॉशरूमला जाते म्हणून बाहेर आले आणि मामांना फोन लावला. मामा भोसरीच्या एका कारखान्यात तीस वर्षं होते, युनियनचं काम केलेलं. त्यांनी एकच वाक्य सांगितलं, "सही करू नकोस पोरी, कागद घेऊन घरी ये."

त्या रात्री मामांनी जे समजावलं ते मला अकरा वर्षांत ऑफिसमधे कोणी सांगितलं नव्हतं. कंपनी कमी करते तेव्हा ती कपात असते, तिला कायद्यात एक महिन्याची नोटीस किंवा पगार, आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार द्यावा लागतो. शिवाय शेवटी आलेला आधी जातो, वेगळं करायचं तर कारण लेखी द्यायचं. आणि तुम्ही राजीनामा लिहून दिलात की यातलं काहीच लागू होत नाही, कारण तुम्ही तर स्वतःहून गेलात ना! मी म्हणलं मामा मी लीड आहे, कामगार थोडीच. ते म्हणाले हुद्द्याचं नाव बघत नाहीत, दिवसभर हाताने काय काम करतेस ते बघतात. तेव्हा १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा होता, २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या लेबर कोडने घेतली, पण हे १५ दिवसांचं आणि शेवटी आलेल्याचं तत्त्व त्यातही आहे.

वयाचं मात्र वेगळं आहे आणि ते फार लागतं मनाला. खाजगी नोकरीत वयावरून भेदभाव करू नका असं सरळ सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. घटनेच्या कलम १५ आणि १६ मधे धर्म, जात, लिंग, जन्मस्थान आहे, वय नाही. म्हणून "वय ३५ पर्यंत" असं जाहिरातीत बिनधास्त छापतात. माझा दीर न्यूजर्सीला असतो, तो सांगत होता तिथे १९६७ पासून ४० आणि त्यावरच्या वयाच्यांसाठी कायदा आहे, एकदम बऱ्याच जणांना काढताना हक्क सोडल्याची सही हवी असेल तर विचार करायला ४५ दिवस द्यावे लागतात, सही केल्यावरही ७ दिवसांत मागे घेता येते, आणि कुठल्या वयाचे किती काढले आणि किती ठेवले हे लेखी दाखवावं लागतं. मला चार ते पाच असा एक तास दिला होता.

ती वयांची यादी मग मीच केली. आमच्या युनिटमधून त्या आठवड्यात १४ जणांना बोलावलं होतं, त्यातले ११ जण ४२ च्या वरचे. दुसऱ्या दिवशी मेल केला, अगदी साधा: मी राजीनामा देत नाहीये, काल या या वेळी या दोघांनी मला द्यायला सांगितलं, मला कमी करत असाल तर कारण आणि हिशोब लेखी द्या. आवाज चढवला नाही, वकिलाचं नाव काढलं नाही. अप्रेझलच्या पीडीएफ आणि स्वतःची अपॉइंटमेंट लेटर्स घरी होतीच, कंपनीचा डेटा मात्र एक फाईलसुद्धा बाहेर काढली नाही, ते केलं असतं तर तेच कारण झालं असतं.

तीन आठवडे कोणी बोललं नाही. टीममधली पोरं पण नजर चुकवायची, ते सगळ्यात जड गेलं. मग नवीन आकडा आला, नोटीस पगार वेगळा आणि साडेपाच महिन्यांचा पगार, म्हणजे अकरा गुणिले पंधरा दिवस. आधीच्या "पॅकेज"मधे त्यांनी ग्रॅच्युइटी पण धरली होती, ती तर पाच वर्षं झाली की आपल्या हक्काची असते, ती वेगळी काढायला लावली. नोकरी गेलीच. पण कागदावर कपात असं लिहिलं गेलं, आणि पुढे सात महिन्यांनी नोकरी मिळाली तेव्हा त्या शब्दावर कोणी अडवलं नाही.

एक गोष्ट राहिली, ती लिहिल्याशिवाय हे पूर्ण होत नाही. २०१९ मधे मी स्वतः इंटरव्ह्यू पॅनलवर होते. एक ४५ वर्षांचे गृहस्थ आले होते, सगळी उत्तरं बरोबर, शांत माणूस. बाहेर आल्यावर आम्ही म्हणालो टीम सगळी पंचविशीतली आहे, यांना जमेल का, आणि फॉर्मवर मी माझ्या हाताने लिहिलं, कल्चर फिट नाही. त्यांचा चेहरा मला आजही आठवतो, नाव आठवत नाही.

त्या कलीगला मी उद्या भेटतेय. त्याने सही केली असली तरी राजीनाम्याचा मेल जाऊन चारच दिवस झालेत, राजीनामा दबावाखाली घेतला, मागे घेतोय, असं लेखी कळवायला अजून वेळ गेलेली नाही, आणि लेबर कमिशनरच्या ऑफिसला मामा बरोबर येतो म्हणालेत.