गुलालाचा गुलाबी तावावर उतरवताना

सनई-चौघड्याच्या ध्वनिमुद्रणाची एलपी, 500 प्रती. मुखपृष्ठावर काळ्या रेघांतला सनईवाला, मागे सपाट झेंडूचा केशरी आणि खालून वर उधळलेला गुलाल. गुलाल मिरवणुकीत पेटतो तसाच कव्हरवर पेटला पाहिजे, ही चित्रकाराची एकमेव अट. फाइल तपासण्यापासून मशीनवर ताव पास करण्यापर्यंतचं काम माझ्याकडे होतं.

सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा या नेहमीच्या चार शायांचा प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, काढला तेव्हाच कळलं की असं जमणार नाही. केशरी विटकरीकडे झुकला होता आणि गुलाबी साडीच्या दुकानातल्या राणी रंगासारखा आला. चांगला रंग, पण गुलाल नव्हे. संगणकाचा पडदा स्वतः प्रकाश फेकतो. कागदावरची शाई फक्त पडलेल्या प्रकाशातला काही भाग गिळून उरलेला परत देते, आणि नेहमीची मॅजेंटा निळ्यातलाही थोडा भाग गिळते. पिवळा मिसळला की झळाळी आणखी उतरते. गुलालाची गोष्ट वेगळी. फ्लोरोसंट रंग हिरवा आणि अतिनील प्रकाश शोषून लालसर करून बाहेर टाकतो. रंग मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर त्याचा आलेख लाल भागात 100 टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे त्या भागात पांढऱ्या कागदापेक्षाही जास्त प्रकाश परत येतो. चार शायांच्या कुठल्याही मिश्रणातून हे मिळत नाही.

म्हणून शाया तीनच ठरवल्या, त्यातल्या दोन पॅन्टोनच्या, म्हणजे ठरावीक नावा-क्रमांकाने मिळणाऱ्या तयार रंगाच्या: पॅन्टोन ऑरेंज 021, फ्लोरोसंट पॅन्टोन 806 आणि काळी. कमी शायांत काम करणं म्हणजे तडजोड असं मी मानत नाही. न्यूयॉर्कच्या ब्लू नोट कंपनीसाठी रीड माइल्स यांनी केलेली कित्येक जॅझ मुखपृष्ठं काळा आणि आणखी एखादा रंग एवढ्यावरच उभी आहेत, आणि आजही ती ढिगातून डोळ्यांत भरतात. सपाट, न मिसळलेल्या शाईचा हा जोर आहे.

प्रत्येक शाईला एक प्लेट लागते. फाइलमध्ये मात्र तीनऐवजी सात प्लेटा दिसत होत्या. केशरी दोन नावांनी आला होता, एक कोटेड (चकचकीत लेपाच्या) आणि एक अनकोटेड (साध्या) कागदासाठीचं. काळा चार रंगांचा होता आणि नावाखालच्या सावलीतही तेच चार रंग होते. सावली काढली, काळा 100 टक्के एकाच प्लेटवर घेऊन ओव्हरप्रिंट केला, म्हणजे खालचा रंग न कापता त्यावरच छापायचा ठरवला, दोन केशरींना एक नाव दिलं. फ्लोरोसंट शाई पारदर्शक असते, केशरीवर छापली तर लाल होते. म्हणून गुलालाखालचा केशरी कापून काढला आणि कडेला 0.1 मिमीचा ट्रॅप ठेवला, म्हणजे दोन रंग तेवढे एकमेकांवर चढवले, मध्ये पांढरी फट पडू नये म्हणून.

या शाईचा जोर एका थरात दिसत नाही. रंगद्रव्याचे कण मोठे आणि अशक्त, त्यामुळे दोन थर लागतात. दुसऱ्या थराची प्लेट सगळ्या कडांनी 0.1 मिमीने आत घेतली, म्हणजे ताव किंचित हलला तरी दुहेरी कड दिसत नाही. त्यात 0.2 मिमीहून बारीक कण दुसऱ्या प्लेटवरून गळून गेले आणि एकाच थराचे, फिके राहिले. ते तसेच ठेवले, कारण हवेत विरणारा गुलाल असाच दिसतो. गुलालासाठी टक्केवारीची जाळी, म्हणजे रंग फिका दिसावा म्हणून बारीक ठिपक्यांत फोडणं, वापरलीच नव्हती, सगळे भरीव ठिपके. फ्लोरोसंटच्या हलक्या जाळीत रंग मरतो.

छपाईच्या दिवशी चार रंगी मशीनवर, जिथे एका युनिटात एक शाई असते, पहिल्या दोन युनिटांत गुलाबी घेतला. हलका रंग आधी छापला की पुढच्या शायांनी मळत नाही, हा नेहमीचा हिशेब. पन्नासएक ताव गेल्यावर गुलाबी राखाडी पडला. आदल्या दिवशी त्या युनिटांत काळा आणि सायन होता. रूळ धुतलेले होते, पण रबरात मुरलेली शाई एका धुण्याने निघत नाही. दुसऱ्या कुठल्याही शाईत हे लपलं असतं, फ्लोरोसंटमध्ये लपत नाही. तीनदा धुतलं, मध्ये पारदर्शक पांढरा फिरवला, प्लेट ओली ठेवणारं फाउंटनचं पाणी बदललं. दीड तास गेला, तरी राख पुरती गेली नाही.

मग क्रमच उलटा केला. गुलाबी तिसऱ्या-चौथ्या युनिटात, जिथे आदल्या दिवशी मॅजेंटा आणि पिवळा होता, म्हणजे मुरलेलं जे येईल ते उबदारच येईल. केशरी दुसऱ्यात. ओला केशरी पुढच्या युनिटच्या ब्लँकेटवर, म्हणजे प्लेटवरची शाई तावावर उतरवणाऱ्या रबरी पृष्ठावर, थोडा चढतो, पण त्याने गुलाबी मळत नाही. काळ्याने मळला असता. म्हणून पहिलं युनिट बंद ठेवलं आणि काळा दुसऱ्या दिवशी, वाळलेल्या तावावर स्वतंत्र फेरीत घेतला. काळा ओव्हरप्रिंट असल्याने ताव 0.2 मिमी सरकला तरी पांढरी फट पडण्याची भीती नव्हती.

मशीनशेजारच्या एलईडी ट्यूबखाली पहिला चांगला ताव साधाच वाटला. मशीनमनने शाई वाढवायला हात घातला, तेव्हा त्याला थांबवून ताव दारात नेला. उन्हात तो पेटला. त्या ट्यूबमध्ये अतिनील जवळजवळ नसतो. तिच्याखाली बघून शाई चढवली असती तर थर जाड होऊन वरच्या तावाच्या पाठीला लागला असता. चित्रकाराची सही दारातल्या उजेडात आणि मशीनच्या टेबलावर, दोन्हीकडे घेतली.

300 जीएसएमचा, एका बाजूने कोटेड बोर्ड, 20 बाय 28 इंची ताव, एका तावात एक कव्हर: 315 मिमीच्या दोन बाजू, मध्ये 3 मिमीचा कणा. 500 प्रतींसाठी 750 ताव आणले होते, गोंधळात दीडशे गेले. ढीग 150 तावांपुरताच ठेवला, ओले ताव एकमेकांना लागू नयेत म्हणून मारायची पावडर बेताने मारली. पावडर जास्त झाली तर लॅमिनेशनखाली चंदेरी ठिपके उठतात.

लॅमिनेशनला मॅट फिल्मचा आग्रह होता. नमुना लावून दाखवला: मॅटखाली गुलाबीवर धुकं चढलं. ग्लॉस ठरली, तीही अतिनील रोखणारी नको असं सांगून, कारण तशी फिल्म रंग टिकवते पण झळाळी खाते. फ्लोरोसंट उन्हात लवकर उडतो. विक्रेत्यासाठी खोक्यावर ओळ छापली: काचेच्या उन्हाच्या बाजूला लावू नये. वीस ताव काळ्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवले आहेत, पुढच्या आवृत्तीला रंग जुळवायचा तर त्यांच्याशीच.