आजीचं गाणं कोण म्हणणार

तीन आठवडे झाले या गोष्टीला, तरी डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून काढतेय.

मी पर्थमध्ये एका सरकारी शाळेत इंग्रजी शिकवते. यंदा अकरावीला जॅक डेव्हिसचं 'नो शुगर' आहे. आपल्याकडे इंग्रजीत एम.ए. केलेल्यांपैकी काहींना हे नाव माहीत असेल, बाकीच्यांसाठी थोडं सांगते कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. जॅक डेव्हिस नूंगार, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्य कोपऱ्यातल्या मूळ रहिवाशांपैकी. जन्म 1917, पर्थमध्येच. आई-वडील दोघंही लहानपणी आपल्या माणसांपासून तुटून गोऱ्यांच्या घरी वाढलेले, त्यामुळे घरात नूंगार भाषा नाहीच. 14 व्या वर्षी शेतीकाम शिकवतो म्हणून मूर रिव्हरच्या सरकारी वसाहतीत नेलं आणि शिकवलं काहीच नाही, काही महिन्यांनी परत आला. मग वडील गेले. उत्तरेकडे गुरांमागे, कुंपणांवर राबला. पुढे ब्रुकटनच्या वस्तीवर आपल्या लोकांत राहिला आणि तिथे, मोठेपणी, नूंगार भाषा शिकायला लागला. हे वाक्य लक्षात ठेवा, माझ्या लक्षात राहिलं नाही तेव्हा.

पहिला कवितासंग्रह 1970 ला, म्हणजे वय 53. मग 'आयडेंटिटी' नावाच्या नियतकालिकाचं संपादन, 1973 ते 1979. आणि नाटककार म्हणून खरं नाव झालं ते 1979 च्या 'कुलार्क'पासून, साठी उलटल्यावर! पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्य तेव्हा गोऱ्यांच्या वसाहतीची 150 वर्षं साजरी करत होतं आणि या माणसाने त्याच 150 वर्षांची दुसरी बाजू रंगमंचावर आणली. 1982 ला 'द ड्रीमर्स', त्यातला म्हातारा वोरू त्याने स्वतःच केला. 1985 ला 'नो शुगर', ते पुढच्या वर्षी कॅनडात व्हँकुव्हरला आणि 1988 ला लंडनला गेलं.

नाटकात मिलिमरा कुटुंब आहे, काळ 1929 ते 1934. नॉर्थम गावाबाहेर वस्तीवर राहतात, सरकारी रेशनवर. साबण रेशनमधून बंद होतो, मग हेच लोक घाणेरडे म्हणून त्यांना खरूज झाल्याचं कारण काढतात आणि सगळ्यांना उचलून मूर रिव्हरला नेऊन टाकतात. हे घडलेलं आहे, जानेवारी 1933, जवळपास 90 माणसं. ए. ओ. नेव्हिल हा 'चीफ प्रोटेक्टर'ही खराच माणूस, 1915 पासून 1940 पर्यंत या राज्यातल्या मूळ रहिवाशांच्या आयुष्यावर त्याचा शिक्का. कायद्याने तोच त्यांच्या सोळा वर्षांखालच्या मुलांचा पालक, आई-बाप जिवंत असले तरी. वसाहतीतली पोरं चर्चचं गाणं मोडून म्हणतात, की चहात साखर नाही, त्यावरून नाटकाचं नाव.

हे नाटक बाकावर बसून वाचलं की मरतं. अगदी खात्रीने सांगते, कारण पहिल्या वर्षी मी तसंच शिकवलं होतं आणि पोरांना फक्त निबंधाचे मुद्दे पाठ झाले. पुस्तक न उघडलेला मुलगाही 'सत्ता आणि भाषा' यावर पाचशे शब्द लिहू शकतो, नोट्स तयारच फिरतात, आणि मार्कही पडतात त्याला, याचा मला फार राग येतो. 1985 चा पहिला प्रयोग पर्थमधल्या माल्टिंग्ज नावाच्या जुन्या इमारतीत झाला, तिथे प्रेक्षकांना एका जागी बसूच दिलं नव्हतं. प्रवेश बदलला की प्रेक्षक चालत दुसऱ्या जागी. मी वर्गात तेच करते. बाकं भिंतीला लावायची, दाराजवळचा कोपरा नॉर्थमची पोलीस चौकी, खिडकीखाली वस्ती, फळ्यासमोर माझं टेबल म्हणजे नेव्हिलचं ऑफिस, मागे दप्तरांच्या रॅकपाशी मूर रिव्हर. जमिनीवर रंगीत चिकटपट्टीने हद्दी आखते. पोरांनी पुस्तक हातात धरून उभं राहायचं आणि जिथे बोलणं चाललंय तिकडे वळायचं. चौकीत साबणाची चर्चा चालू असते तेव्हा वस्तीतली माणसं चौकीकडे पाठ करून चूल पेटवत असतात, एकमेकांचं ऐकू येत नाही, आणि मधल्या मोकळ्या जागेत उभ्या असलेल्या पोरांना दोन्ही ऐकू येतं. दहा मिनिटांत त्यांना समजतं की आपल्याला ठाऊक आहे ते या माणसांना ठाऊक नाहीये. एरवी मागे झोपणारा एक मुलगा त्या दिवशी मोठ्याने म्हणाला, "अरे, सांगा ना कोणीतरी त्यांना!" त्यासाठीच तर मी ही नोकरी करते.

तर त्या दिवशी शेवटचा प्रवेश होता. मिलिमरांचा मुलगा जो आणि त्याची जोडीदार मेरी बाळाला घेऊन वसाहत सोडून निघतात, नॉर्थमला परत जाणार नाही असं लिहून दिल्यावरच सोडलेलं असतं जोला. आणि जोची आजी गाणं म्हणते. नूंगारमध्ये. पुस्तकाच्या मागे शब्दार्थ आहेत, पण गाणं म्हणायचं कसं ते तिथून कळत नाही.

आजीचं काम वाचणारी मुलगी तिथे आली आणि अडखळली. दोन शब्द वाचले, हसली, थांबली. मागून कोणीतरी खिदळलं. मला तो क्षण सोडायचा नव्हता, सगळी मेहनत त्या गाण्यासाठीच तर होती, आणि मी खिडकीपाशी उभ्या असलेल्या मुलाकडे वळून म्हटलं, "तू म्हणून दाखवशील का? निदान उच्चार सांग."

वर्गात नूंगार असा तो एकटाच. आदल्या तासाला जोच्या मामाचं, जिमी मंडेचं, काम त्यानेच वाचलं होतं, फार सुंदर. मला वाटलं मी त्याला मान देतेय.

त्याने पुस्तक मिटलं, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, अगदी हळू, आणि दार उघडून निघून गेला. दारही आपटलं नाही.

नियम असा की मूल न सांगता वर्गाबाहेर गेलं तर लगेच ऑफिसला कळवायचं. मी कळवलं, पण आधी आँटीला फोन लावला. आँटी म्हणजे आमच्या शाळेतल्या नूंगार बाई, मूळ रहिवासी मुलांसाठी नेमलेल्या. सगळी शाळा त्यांना आँटीच म्हणते. एवढ्या मोठ्या शाळेला त्या एकट्या, त्याही आठवड्याचे तीन दिवस. मुलं गैरहजर असली की घरी जाणं, आजारपणं, आई-बापांच्या मीटिंगा, शिवाय कार्यक्रमात पाहुण्यांचं स्वागत, सगळं त्यांच्यावर. आणि आम्हा शिक्षकांना वर्षातून एकदा दुपारच्या जेवणाआधी स्लाइड दाखवून संस्कृतीचं ट्रेनिंग देतात. त्यात मृत माणसांचे फोटो दाखवण्याआधी सूचना द्या, शिव्या मोठ्याने वाचून घेऊ नका, एवढं असतं. ते मी सगळं केलं होतं. सूचना दिली होती, नाटकातले घाण शब्द गाळून वाचायला लावले होते. हे स्लाइडमध्ये नव्हतं.

आँटींना तो ओव्हलच्या, म्हणजे खेळाच्या मैदानाच्या, कडेला सापडला. सुट्टीत त्या स्टाफरूममध्ये आल्या आणि माझ्याशेजारी बसल्या. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "त्याला येत नाही गं. त्याच्या आईला येत नाही. आजीला तिच्या आईनेच शिकवलं नाही, का ते तुझ्या पुस्तकात लिहिलंच आहे की." मग थोडं थांबून, "तू सगळ्यांसमोर त्याला ते मागितलंस."

मला बोलताच येईना.

मी मूळची चाळीसगावकडची. घरात आजी अहिराणीच बोलायची, मीही. पाचवीत पुण्याच्या शाळेत घातलं. तिथे एका बाईंनी पहिल्याच आठवड्यात मला उभं केलं आणि म्हणाल्या, "तुमच्या भाषेत काहीतरी बोलून दाखव बरं." कौतुकानेच म्हणाल्या असणार, आज वाटतं. आजी रोज विचारायची तेच मी बोलले, "कथा जाई राह्यनी व माय?" म्हणजे कुठे चाललीस गं बाळ. वर्ग हसला आणि पुढे कितीतरी दिवस मधल्या सुट्टीत मला तेच ऐकवलं गेलं. त्यानंतर मी शाळेत अहिराणीचा एक शब्द काढला नाही. म्हणजे मला हे माहीत होतं, अंगावरून गेलेलं होतं, आणि तरी मी त्या बाईंसारखीच वर्गात उभी राहून हात पुढे केला. आणि माझं तर निभावलं, मे महिन्यात आजीकडे गेलं की भाषा तिथे होतीच माझी वाट बघत. त्या मुलाला जायला कुठलं गाव?

दुसऱ्या दिवशी तो आला. मी सगळ्यांसमोर काही बोलले नाही, परत तमाशा नको म्हणून. तास सुटल्यावर त्याला थांबवून म्हटलं, कालची चूक माझी होती, तू काहीच चुकीचं केलं नाहीस. त्याने मान हलवली फक्त. तो दारापर्यंत गेला तेव्हा मला ते आठवलं, जे मी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहायला हवं होतं. म्हटलं, "जॅक डेव्हिसलाही लहानपणी येत नव्हती. मोठा झाल्यावर शिकला, ब्रुकटनला."

तो थांबला. "मग नाटकात बोलायचं कोण?"

म्हटलं, बाकीचे नट होतेच, पण 'द ड्रीमर्स'मधला म्हातारा, जो मधेच इंग्रजी सोडून नूंगारमध्ये जातो, तो त्याने स्वतः केला, 64 वर्षांचा असताना.

"स्वतः?"

"स्वतः."

काही न बोलता गेला. निबंधात त्याने यातलं काहीही लिहिलं नाही, नॉर्थमच्या साबणावर लिहिलं, चांगलं लिहिलं. मात्र लायब्ररीच्या बाई परवा म्हणाल्या की 'द ड्रीमर्स'ची एकुलती एक प्रत बाहेर आहे. कोणाकडे ते मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी हेच नाटक परत आहे. चिकटपट्टी, बाकं, चौकी सगळं तसंच करणार, ते चांगलंच आहे, पण त्या गाण्याचं काय करायचं ते मला अजून कळत नाहीये. इंग्रजीत अर्थ वाचून पुढे जायचं तर मग नाटककाराने ते नूंगारमध्ये ठेवलंच कशाला, आणि वाचायला लावायचं तर कोणाला. आँटींना विचारलं, तुम्ही याल का त्या तासाला? त्या म्हणाल्या, तास मंगळवारी किंवा गुरुवारी असेल तर मी शाळेतच नसते. मग म्हणाल्या, फेब्रुवारीत टाइमटेबल लागलं की विचार.

डायरीत लिहून ठेवलंय.